दोनदा वाजलेले सव्वादोन

१

सोमवारी सकाळी नार्दूची होडी सापडली. नार्दू सापडला नाही.

दीपगृहाच्या टोकापलीकडे ती आपली एकटीच डुलत होती. इंजिन बंद, जाळी नीट घडी करून ठेवलेली, आणि आडव्या फळीवर त्याचे बूट जोडीनं मांडलेले. पाय घसरून पडणारा माणूस आधी बूट काढत नाही. हे कळायला पोलिसात छत्तीस वर्षं काढावी लागत नाहीत. मी काढली होती, एवढंच.

बुधवारी त्याची बायको जिल्याना माझ्या दारात उभी राहिली. काळे कपडे घालायचे की नाही हे तिचं तिलाच ठरत नव्हतं, कारण प्रेत नव्हतं. वरती काळा स्वेटर आणि खाली रोजचा निळा झगा. हातात एक पत्र.

"साल्वू, तू त्या जुगारवाल्यांकडे नोकरीला आहेस ना?"

"आहे बाई." आणि मला लाज वाटली. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून मी ती धरली होती. माल्टात हल्ली दर दुसऱ्या घरातलं पोर ऑनलाइन कॅसिनोत कामाला असतं. आमच्या कंपनीनं मला 'अंतर्गत चौकशी अधिकारी' केलं होतं. म्हणजे चहाचे कप कोण चोरतं ते बघायचं आणि परवाना तपासायला सरकारी माणसं आली की एक स्थानिक, पांढऱ्या मिशीचा चेहरा दाखवायचा.

"मग हे वाच."

नार्दूला आमच्याच कंपनीचा नाद होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये त्यानं स्वतःच्या खात्याला सहा महिन्यांचं कुलूप घालून घेतलं. तशी सोय असते. माणसाला स्वतःचाच भरवसा नसला की तो कंपनीला सांगतो, मला आत घेऊ नका. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या मादोनेसमोर, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीसमोर, उभं राहून त्यानं बायकोला वचनही दिलं होतं, की मी तोंडानं हे कुलूप उघडायला कधी सांगणार नाही. आणि पत्रात लिहिलं होतं, 'रविवारी पहाटे २:१५ वाजता आपल्या पतीच्या विनंतीवरून खाते उघडण्यात आले.' पहाटे चारच्या आत नव्या इंजिनासाठी साठवलेला सगळा पैसा गेला होता.

"पैसा गेला तो गेला," जिल्याना म्हणाली. "मला एवढंच सांग, त्यानं खरंच उघडायला सांगितलं का? त्यानं शब्द मोडला का, साल्वू?"

"आणि कळून काय करणार?"

पत्र माझ्याकडंच ठेवून ती पायऱ्या उतरली.

२

ऑफिसात गेलो तर गुन्हेगार आधीच ठरलेला होता.

तिचं नाव मारूस्का. वय चोवीस, त्या पहाटे फोनवर हीच होती. टेबलावर खोकं ठेवून ती आपली कुंडी, कप आणि पायांत घालायच्या लोकरी चपला भरत होती. बोनस आणि जाहिराती बघणारा साहेब, टोर्केल नावाचा उंच स्वीडिश माणूस, यानं तिला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती.

"सार्जंट, तुम्हीही हाकलायलाच आलात का?"

"मला कोण विचारतं हाकलायला! आधी सांग, काय झालं?"

तिनं नोंदींचा कागद पुढं सरकवला. यंत्रानं वेळेप्रमाणं लावलेल्या पाच ओळी. २:१५ ला खातं उघडलं, बक्षीस म्हणून पाचशे युरोंचा बोनस जमा. २:२० ला खेळ सुरू. २:४० ला गिऱ्हाइकाचा फोन. २:४४ ला मारूस्कानं कुलूप घातलं. ३:५० ला शिल्लक शून्य.

"बघा," ती म्हणाली. "मी कुलूप घातलं पावणेतीनला, आणि तो खेळतोय चारपर्यंत. साहेब म्हणतात, मी बटण दाबलंच नाही, नुसती नोंद ठोकून दिली. आईची शपथ सार्जंट, मी बटण दाबलं होतं! लाल दिवा आला तो मी या डोळ्यांनी पाहिला."

"कुलूप उघडणारं बटण तुझ्याकडे आहे?"

"छे! घालायचं फक्त. उघडायचं खास गिऱ्हाइकांच्या विभागाकडे. टोर्केलसाहेब आणि क्लेटन, दोघंच. आणि परवलीचा शब्द दोघांचा एकच, त्यामुळे नेमकं कोणी उघडलं ते कागदावर येतच नाही."

मग तिनं मला फोनचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. नार्दूचा आवाज. मागे बंदरातल्या दोऱ्या करकरत होत्या. तो लाम्पुकीच्या मासेमारीला निघायच्या तयारीत होता.

"मुली, मी नार्दू. तुमचा मेसेज आलाय बघ. जादा तास, वीस मिनिटांत सुरू, दुप्पट बोनस. माझा हात बटणाकडं जातोय गं. बंद कर. आणखी एक वर्ष बंद करून टाक."

मारूस्का रडायला लागली. मी कागदाकडं बघत बसलो, कारण माझ्या मनात दुसरंच आलं होतं. सव्वादोनला उघडायला सांगितलं, वीस मिनिटं खेळला, घाबरला आणि बंद कर म्हणाला. जुगाऱ्याचं असंच असतं. म्हणजे नार्दूनं शब्द मोडला होता, आणि मला ते जिल्यानाला जाऊन सांगायचं होतं.

पण एक गोष्ट टोचत होती. त्यानं उघडायला सांगितलं तर कोणाला? २:१५ च्या आधी त्याचा एकही फोन नव्हता, एकही मेसेज नव्हता.

३

टोर्केल खिडकीशी उभा राहून किन्नी पीत होता. आमचं ते कडवट सरबत परक्या माणसाला सहसा सोसत नाही, पण हा दिवसाला चार बाटल्या रिचवायचा.

"या सार्जंट, बसा. वाईट झालं. पण मुलीनं निष्काळजीपणा केला."

"तुमचा तो जादा तास काय होता?"

आता गडी खुलला. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता घड्याळं एक तास मागं जातात आणि पुन्हा दोन वाजतात. हा फुकटचा तास त्यानं विकायला काढला होता. 'चोवीस तासांच्या दिवसात पंचविसावा तास.' त्या एका तासात जो पैसे भरेल त्याला दुप्पट, आणि जुन्या खास गिऱ्हाइकांना पाचशे युरो भेट.

"तास मी स्वतः चालवला, कॅमेऱ्यासमोर उभं राहून. तीनला सुरू केला आणि तीनलाच संपवला!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "बारा हजार लोक बघत होते."

"आणि त्याच्या आधी, सव्वादोनला कुठं होतात?"

हसू थांबलं. "तोंडाला रंग लावून घेत होतो. म्हणजे, रंगवणारी बाई दोनलाच गेली. नंतर एकटाच होतो."

"कुलूप तुम्ही उघडलं?"

"सार्जंट, माझ्या हाताखाली पाच देशांचे बोनस असतात. तुमच्या गावचा एक कोळी मला माहीत असायचं कारण काय? आणि हे लक्षात ठेवा," तो जवळ आला, "कुलूप आम्ही आपणहून उघडलं असं बाहेर गेलं, तर परवाना जाईल. तीनशे माणसं रस्त्यावर येतील. त्यापेक्षा एका मुलीची चूक झालेली बरी."

तो दोषी असावा असं मला मनापासून वाटलं. नुसतं वाटलं नाही, तसं व्हावं असं वाटलं. परका, गोड बोलणारा, आणि त्या वेळी एकटा. कारण दुसरा माणूस क्लेटन होता, आणि क्लेटन जिल्यानाच्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर त्याला जिल्यानानं आणि नार्दूनं वाढवला होता.

४

क्लेटन मला गावच्या बँडच्या क्लबात भेटला. तिथं तो ट्रम्पेट वाजवतो. सोमवारपासून मावशीकडेच झोपायला जातोय, तिला जबरदस्तीनं दोन घास भरवतोय, असं सगळेजण सांगत होते. डोळे सुजले होते पोराचे.

"सार्जंट, मला कशाला विचारताय? शनिवारी रात्री मी इथंच होतो. क्लबाचं जेवण नव्हतं का? तुम्ही तर माझ्या समोरच बसला होतात!"

बसलो होतो. लाम्पुकी मासा भरून भाजलेल्या पेस्ट्रीचे तीन तुकडे खाल्ले होते आणि चौथ्यासाठी क्लबातल्या विस्तिनशी भांडलो होतो. जेवण झाल्यावर पत्ते, मग गाणी. क्लेटन उठला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. मीच त्याला ओरडलो होतो, "अरे, तीनच तर वाजलेत, म्हातारा झालास का?" सगळे हसले होते.

"मग घरी?"

"पाच मिनिटांचा रस्ता. ओव्हनवरच्या घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झालेली. पाणी प्यायलो, झोपलो. सकाळी उठलो तेव्हा..."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सव्वादोनला तो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी स्वतः साक्षीदार. मग आणखी काय हवं? मनातल्या मनात मी टोर्केलला बेड्या घालून टाकल्या.

बाहेर पडताना दाराशी विस्तिन शिडी उचलत होता. क्लबाचा सगळा कारभार हाच बघतो.

"काय रे, परत शिडी?"

"बल्ब गेलाय. रविवारी चर्चातल्या मिसानंतर घड्याळ मागं करायला चढलो तेव्हाच बदलणार होतो, विसरलो."

मी पायरीवरच थांबलो.

"रविवारी मिसानंतर? शनिवारी जेवणाच्या वेळी घड्याळ मागं केलंच नव्हतंस?"

"मला काय पहाटे तीनला शिडीवर चढायचंय? सरकार काय वाटेल ते म्हणू दे, या गावात घड्याळ मी बदलतो, आणि ते मिसानंतर. माझ्या बापापासून असंच आहे."

५

मी तिथंच पायरीवर बसलो. विस्तिनला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पाणी आणलं.

काय गाढव मी! कागद क्रमानं लावलेला होता म्हणून मी क्रमावर विश्वास ठेवला. पण त्या पहाटे दोन ते तीन हा तास दोनदा आला होता. सव्वादोन दोनदा वाजले, दोन चाळीसही दोनदा. यंत्र बिचारं आकडे बघून ओळी लावतं. त्यातले पहिल्या तासातले कुठले आणि दुसऱ्यातले कुठले, हे त्यानं लिहिलंच नव्हतं.

आता नार्दूचा आवाज आठवा. "जादा तास, वीस मिनिटांत सुरू." जादा तास सुरू झाला तीनला. तीनला वीस कमी म्हणजे दोन चाळीस. म्हणजे त्याचा फोन पहिल्या दोन चाळीसचा, घड्याळं मागं जाण्याआधीचा. आणि ते पाचशे युरो? ती भेट फक्त जादा तासात मिळत होती. पहिल्या सव्वादोनला ती देताच आली नसती. म्हणजे खातं उघडलं ते दुसऱ्या सव्वादोनला, फोननंतर पस्तीस मिनिटांनी.

क्रम सरळ उलटा होता. मारूस्कानं बटण दाबलं होतं. कुलूप खरोखर लागलं होतं, आणि नंतर ते कोणीतरी काढलं. नार्दूनं उघडायला सांगितलंच नव्हतं. तो बंद करायला सांगत होता.

पण मग दुसऱ्या सव्वादोनला कोण कुठं होतं? टोर्केल बारा हजार लोकांसमोर कॅमेऱ्यात उभा होता. त्याच्याइतकी पक्की साक्ष माझ्या अख्ख्या नोकरीत कोणाची नव्हती. तो सुटला. आणि क्लबाच्या घड्याळात तीन वाजले तेव्हा सरकारी घड्याळात पुन्हा दोन वाजत होते. क्लेटन उठला तो बरोबर जादा तास सुरू होताना. घरी पोचला तेव्हा ओव्हनवर तीन वाजून आठ, म्हणजे दोन वाजून आठ.

सात मिनिटं उरली होती. लॅपटॉप उघडायला तेवढी पुरतात.

विस्तिन म्हणाला, "पाणी पी ना." मी प्यायलो. माझीच साक्ष त्याला वाचवत होती आणि आता तीच त्याला बुडवणार होती. पोलिसात असताना असं काही सुटलं की जेवण गोड लागायचं. त्या दिवशी मी पेला विस्तिनला परत दिला आणि आत गेलो.

६

क्लेटन अजून आतच होता, ट्रम्पेट पुसत.

"ओव्हनचं घड्याळ तू बदललं होतंस?" मी विचारलं.

"अं? नाही. मावशीच येऊन बदलते, मला नाही जमत ते." आणि मग त्याचा हात थांबला. हुशार पोरगा. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

बराच वेळ तो पुसत राहिला, आधीच चकचकीत असलेलं.

"का रे?"

"त्याचं कुलूप शनिवारी मध्यरात्री संपलं, सार्जंट. माझ्या यादीत त्याचं नाव आपोआप हिरवं झालं, म्हणून त्याला मेसेज गेला. घरी येऊन बघतो तर परत लाल. मला वाटलं, यंत्राचीच काही गडबड आहे."

"खोटं बोलू नकोस."

"बरं." त्यानं मान खाली घातली. "नाही वाटलं तसं. मारूस्काची नोंद दिसत होती मला. पण जुनी खास गिऱ्हाइकं परत आणायची होती, माझी दोन कमी पडत होती, महिना संपत आला होता. टोर्केल रोज सगळ्यांसमोर आकडे वाचून दाखवतो. मी म्हटलं, काकाला पाचशे देतो. तेवढेच खेळेल बिचारा, फुकटचे तर आहेत. तास संपला की परत कुलूप घालीन. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं, म्हणून 'विनंतीवरून' लिहिलं."

"मग घातलं का नाहीस कुलूप?"

"झोप लागली." तो माझ्याकडं बघून म्हणाला. "वाइन जास्त झाली होती. खुर्चीतच झोप लागली, सार्जंट. सकाळी आठला उठलो."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. मी मारली नाही, कारण तो ट्रम्पेट छातीशी धरून लहान मुलासारखा रडत होता आणि म्हणत होता, "मावशीला सांगू नका, मावशीला सांगू नका."

७

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून टोर्केलच्या टेबलावर ठेवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"छान काम," तो म्हणाला आणि कागद खणात टाकून खण बंद केला.

"आणि मारूस्का?"

"तिला तीन महिन्यांचा पगार आणि चांगलं शिफारसपत्र देतो. तिनं चूक कबूल करून सही केली आहे."

मी मारूस्काला फोन केला. ती म्हणाली, "सार्जंट, घरभाडं भरायचंय मला. तुमचं भलं होवो, पण आता माझं नाव नका घेऊ कुठं." माझ्या जुन्या ठाण्यातला निरीक्षक म्हणाला, खातं उघडणं हा गुन्हा नाही, कामातली चूक आहे, आणि प्रेताशिवाय तर काहीच नाही. क्लेटनला समोरच्या काचेच्या इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीनं जास्त पगारावर बोलावलं. मी राजीनामा दिला आणि त्यांनी तो आनंदानं घेतला.

उरली जिल्याना. निदान एक माणूस तरी असं होतं, ज्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही होतं. पत्र खोटं आहे, तुझा नवरा खरा होता. रस्ताभर मी ते वाक्य घोळवत गेलो. क्लेटनचं नावही सांगायचंच, असं ठरवलं होतं. ती कोसळेल, पण नवऱ्याचा शब्द तरी तिच्याजवळ राहील.

ती स्वयंपाकघरात बसली होती. शनिवारची मासळी साफ करायची सुरी, नार्दूची, ओट्यावर तशीच होती.

"सांग," ती म्हणाली.

"नाही मोडला," मी म्हणालो. "त्यानं उघडायला सांगितलंच नाही, जिल्याना. उलट फोन करून बंद करायला लावलं. आणखी एक वर्ष बंद कर म्हणाला. मी स्वतः ऐकलंय त्याचं बोलणं. नंतर दुसऱ्याच कोणीतरी उघडलं, त्याच्या माघारी. समोर उघडं दार आणि आत पैसे दिसल्यावर त्याचा तोल गेला, तेवढंच."

मला वाटलं होतं, ती रडेल. क्रुसाची खूण करेल, माझा हात धरेल. पण तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरून गेलं.

"बंद करायला फोन केला होता?"

"हो."

"रविवारी सकाळी हेच सांगत होता तो मला." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "इथंच बसला होता, तू बसलायस तिथं. म्हणाला, मी फोन करून बंद केलं होतं गं, परत कसं उघडलं माझं मलाच कळत नाही. दहादा सांगितलं. मी म्हटलं, खोटारड्या, मादोनेसमोर शपथ घेऊन खोटं बोलतोस? ऊठ इथून. मला तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस."

तिनं बाहेरच्या दाराकडं पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत तो बाहेर पायरीवर बसून होता. मी दार उघडलं नाही. मग होडीकडं गेला." तिनं सुरी उचलली, पदरासारखा तो निळा झगा घेऊन पुसली आणि परत ठेवली. "पत्र आलं तेव्हा वाटलं, बरं झालं, मी खरी होते. तरी जीव राहिना म्हणून तुझ्याकडं आले. तो खोटा होता एवढंच ऐकायचं होतं मला, साल्वू. तेवढं म्हणाला असतास तर मी जगले असते."

मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. क्लेटनचं नाव माझ्या तोंडात होतं, पण खातं कोणी उघडलं हे तिनं विचारलंच नाही.